दीनांची पेटी : संकटकाळांतील ख्रिस्ती बंधुभावाचा इतिहास

परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा सोहळा आज आपण पाहत आहों. अशा प्रसंगीं निघणाऱ्या स्मरणिकेंत देवळाचा पाया कधीं घातला, घंटा कोठून आली, वेदी कोणीं बांधविली आणि कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, याची नोंद असावी हें योग्यच आहे. आणि ती या पुस्तिकेच्या इतर पानांत वाचकांस मिळेलच. आमच्या वांट्यास आलेला विषय थोडा निराळा आहे. देवळाच्या भिंती दगडाच्या असतात, त्या सर्वांस दिसतात. परंतु दुष्काळ, रोगराई, कर्ज आणि मरण यांच्या दिवसांत ज्या बंधनानें मंडळी एकत्र राहते, तें बंधन डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून त्याचा इतिहास लिहिण्याचें सहसा राहून जातें. तो इतिहास आम्ही येथें यथामति सांगणार आहों.

ज्युबिली हा शब्द आपण आज नुसत्या उत्सवाच्या अर्थानें वापरतों. मूळ हिब्रू भाषेंत ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचें शिंग. जुन्या करारांतील लेवीयाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, सात वेळां सात वर्षें गेल्यावर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें. आणि मग गरिबीमुळें विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, व कर्जापायीं दास झालेल्या मनुष्यानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें. म्हणजे ज्युबिली हा मुळांत शेजाऱ्याचें ओझें उतरविण्याचा सण होय. ज्या ज्युबिलींत शेजाऱ्याच्या दुःखाची विचारपूस झाली नाहीं, तिच्यांत वाद्यें वाजलीं तरी तें शिंग वाजलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

आतां ख्रिस्तसभेच्या प्रारंभाकडे वळूं. प्रेषितांच्या कृत्यांच्या ११ व्या अध्यायांत दोन गोष्टी लागोपाठ आल्या आहेत. पण त्या एकत्र वाचण्याचें आपल्या ध्यानांत येत नाहीं. पहिली ही कीं, प्रभूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हें नांव प्रथम अंत्युखिया नगरांत मिळालें. दुसरी ही कीं, आगाब नांवाच्या संदेष्ट्यानें मोठा दुष्काळ येणार असें सांगतांच, याच अंत्युखियाच्या मंडळीनें यहूदियांतील बांधवांसाठीं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें वर्गणी जमविली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हातीं पाठविली. हा दुष्काळ क्लौद्य बादशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. ४१ ते ५४ या काळांत पडला. अंत्युखियाच्या मंडळींत परजातीय लोक पुष्कळ होते, आणि मदत जावयाची होती ती यहुदी बांधवांकडे. नांव मिळालें त्याच गांवीं त्या नांवाचा अर्थही मंडळीनें आचरून दाखविला, हें येथें विसरूं नये.

पुढें संत पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना हीच गोष्ट नियमांत बसविली. प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या मिळकतींतून कांहीं बाजूला काढून ठेवावें, असें त्यानें सांगितलें; आणि दुसऱ्या पत्रांत त्याचें कारणही दिलें. आज तुमच्या विपुलतेनें त्यांची उणीव भरावी, उद्यां त्यांच्या विपुलतेनें तुमची भरावी, आणि अशा रीतीनें समानता व्हावी, हा त्या बोधाचा आशय आहे. भिक्षा आणि परस्परसाहाय्य यांतील भेद येथें स्पष्ट होतो. भिक्षेंत देणारा वर असतो व घेणारा खालीं. परस्परसाहाय्यांत आजचा देणारा उद्यांचा घेणारा असूं शकतो, हें दोघांनाही ठाऊक असतें. म्हणून त्यांत कोणाची मान खालीं जात नाहीं.

दुसऱ्या शतकांत या नियमाला पेटीचें रूप आलें. संत जस्टिन यानें सुमारें इ. स. १५५ च्या सुमारास रोम येथें लिहिलेल्या समर्थनांत रविवारच्या उपासनेचें वर्णन केलें आहे. उपासना झाल्यावर ज्यांची इच्छा व ऐपत असेल ते देतात, तें सर्व अध्यक्षापाशीं ठेवतात, आणि तो त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगांवचे पाहुणे यांची तरतूद करतो, असें तो सांगतो. यानंतर सुमारें ४० वर्षांनीं उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरीच्या तेर्तुलियनानें अशाच पेटीचा उल्लेख केला आहे. महिन्यांतून एकदां, जबरदस्ती न करतां, तींत पैसा पडत असे. तो मेजवान्यांत खर्च होत नसे. गरिबांना खाऊं घालणें, त्यांना मूठमाती देणें, पोरकीं मुलें, थकलेले वृद्ध, गलबत बुडून निराधार झालेले, आणि श्रद्धेसाठीं खाणींत किंवा तुरुंगांत पडलेले, यांच्यासाठीं तो जाई. इ. स. २५१ चें रोमचे बिशप कोर्नेलियस यांचें एक पत्र उपलब्ध आहे. त्यावेळीं तेथील मंडळी १५०० हून अधिक विधवा व पीडित जनांचें पोषण करीत होती, असें त्यांत नमूद आहे. ही मंडळी त्या काळीं राजमान्य तर नव्हतीच, उलट छळाखालीं दबलेली होती.

याच सुमारास रोमन साम्राज्यांत एक भयंकर साथ पसरली आणि ती दहा-बारा वर्षें ठिकठिकाणीं धुमसत राहिली. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनीं तिचीं लक्षणें वर्णिलीं आहेत म्हणून इतिहासकार तिला त्यांच्याच नांवानें ओळखतात. जुलाब, वांत्या, घशांतील दाह, लाल झालेले डोळे, सडणारे हातपाय, कित्येकांस आलेलें बहिरेपण व अंधत्व, असें त्या रोगाचें स्वरूप होतें. सिप्रियन यांचा डीकन पोंतियस यानें त्यांचें चरित्र लिहिलें आहे. त्यांत तो सांगतो कीं, लोक भयानें पळत सुटले, आपल्याच माणसांना घराबाहेर टाकूं लागले, आणि रस्त्यांत प्रेतें पडून राहिलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. याच्या थोडेंच अगोदर, इ. स. २५० मध्यें, देकियुस बादशहाच्या आज्ञेनें ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता. त्या वेळीं सिप्रियन नगर सोडून लपून राहिले होते, व त्याबद्दल कित्येकांनीं त्यांना दोषही दिला होता. त्यांना सिंहापुढें टाका, असा ओरडा करणारे लोक याच नगरांतले. आतां तेच शेजारी मरत होते. अशा वेळीं मनांत सूडाची नाहीं तरी उदासीनतेची भावना यावी, हें मनुष्यस्वभावास धरून झालें असतें. सिप्रियन यांनीं मंडळीस एकत्र बोलावून बोध केला. केवळ आपल्याच लोकांची शुश्रूषा केली तर त्यांत नवल तें काय. वाईटाला चांगल्यानें जिंकावें आणि वैऱ्यावरही प्रीति करावी, असा त्या बोधाचा मथितार्थ पोंतियस देतो. मग प्रत्येकाला त्याच्या परिस्थितीप्रमाणें काम नेमून देण्यांत आलें. धनवानांनीं पैसा दिला. ज्यांच्यापाशीं पैसा नव्हता त्यांनीं आपले श्रम दिले, आणि हे श्रम पैशाहून मोलाचे ठरले. शुश्रूषा करतांना हा आपला, तो परका, असा भेद राहिला नाहीं.

हें कसें साधलें? केवळ एका प्रवचनानें साधलें, असें आम्हांस वाटत नाहीं. तेर्तुलियनानें वर्णिलेली पेटी याच कार्थेजमध्यें साथीच्या पूर्वीं पन्नास वर्षें भरत आली होती. कोणतें घर विधवेचें, कोणता म्हातारा एकटा, कोणापाशीं दोन हात रिकामे, हें मंडळीला आधींच ठाऊक होतें. संकट येतांच पेटी सुताराकडे करावयास टाकली असती, तर ती तयार होईपर्यंत निम्मे लोक मेले असते. श्रद्धा मनुष्याला न पळण्याचें धैर्य देते, परंतु त्या धैर्याला हातपाय देते ती सुखाच्या दिवसांत लागलेली शिस्त. आमच्या सर्व विवेचनाचें सार एवढेंच आहे.

सिप्रियन यांच्याच पत्रव्यवहारांत आणखी एक सुंदर प्रसंग आहे. नुमिदिया प्रांतावर लुटारूंनीं धाड घालून पुष्कळ ख्रिस्ती स्त्रीपुरुष पकडून नेले. तेथील बिशपांनीं मदत मागतांच कार्थेजच्या मंडळीनें एक लाख सेस्तर्सें इतकी रक्कम खंडणीसाठीं जमवून पाठविली. सोबत वर्गणी देणाऱ्यांच्या नांवांची यादी होती. तिचा हेतु एवढाच कीं, सुटलेल्यांनीं आपल्या प्रार्थनेंत त्यांची आठवण करावी. आपल्याकडे देणगीदारांचीं नांवें संगमरवरांत कोरतात. त्यांत वावगें नाहीं, पण ती जुनी यादी कशासाठीं होती हें स्मरणांत असावें. इ. स. २५८ च्या सप्टेंबरच्या १४ तारखेस सिप्रियन यांचा शिरच्छेद होऊन त्यांना रक्तसाक्षीचा मुगुट मिळाला.

त्याच काळांत मिसर देशांतील आलेक्सांद्रियाचे बिशप दियोनिसियस यांनींही आपल्या पत्रांत साथीचें वर्णन केलें आहे. धर्मगुरू, डीकन व सामान्य जन रोग्यांची सेवा करतां करतां स्वतः रोगाला बळी पडले, असें ते लिहितात. त्या काळीं त्या रोगावर औषध नव्हतें. परंतु तापानें फणफणलेल्या मनुष्याच्या तोंडीं वेळेवर पाणी घातलें, दोन घोट पेज दिली, अंग पुसलें, तर औषधावांचूनही कित्येक जगतात, हें कोणतीही अनुभवी आजीबाई सांगेल. टाकून दिलेला मरतो आणि जवळ बसलेल्याचा रोगी वाचतो. एवढ्या साध्या सेवेंत पुष्कळांचे प्राण राहिले असतील.

कोणी म्हणेल कीं, हे सर्व साक्षीदार ख्रिस्तीच आहेत, ते आपली स्तुति करणारच. तर आतां विरोधकाची साक्ष पाहा. बादशहा जुलियन यानें ख्रिस्ती धर्म टाकून जुन्या देवांची पूजा पुन्हां चालू करण्याचा यत्न केला. इ. स. ३६२ मध्यें गलातिया प्रांतांतील आपल्या मुख्य पुजाऱ्यास त्यानें पत्र लिहिलें. हे गालीली लोक आपल्या गरिबांना पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून मदत मिळत नाहीं ही लाजेची गोष्ट आहे, असा त्या पत्राचा भाव आहे. शत्रूनें चिडून दिलेलें हें प्रमाणपत्र कोणत्याही स्तुतीहून श्रेष्ठ आहे.

पुढें ख्रिस्तसभा राजमान्य झाली, श्रीमंत झाली, आणि तिची ही परीक्षा अधिक कठीण झाली. तरीही प्रत्येक शतकांत कोणी ना कोणी ती उत्तीर्ण झालाच. इ. स. १५७६ मध्यें इटलींतील मिलान शहरांत प्लेग आला, तेव्हां अनेक अधिकारी व सरदार शहर सोडून गेले. आर्चबिशप संत चार्ल्स बोर्रोमेओ मात्र तेथेंच राहिले. आपल्या वाड्यांतील पडदे काढून त्यांनीं गरिबांसाठीं कपडे शिवविले. घरांत कोंडलेल्या लोकांना खिडकींतून पवित्र मिस्सा पाहतां यावी म्हणून त्यांनीं चौकाचौकांत वेद्या उभारल्या.

या परंपरेची एक शाखा आपल्या किनाऱ्यावरही आली. पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या आश्रयानें १४९८ सालीं लिस्बन येथें ‘मिझरिकॉर्दिआ’ म्हणजे दयेचा बंधुसंघ स्थापन झाला. भुकेल्यास अन्न, नग्नास वस्त्र, रोग्याची भेट, बंदिवानाची सुटका, मृतास मूठमाती, अशीं दयेचीं चौदा कामें हें त्याचें व्रत. गोवा, चौल आणि वसई येथें या संघाच्या शाखा निघाल्या. रोग्यांची सोय, गरिबांचें दफन आणि पोरक्या मुलींचीं लग्नें हीं कामें या संघांनीं केलीं. तथापि इतिहास लिहितांना उणेंही सांगितलें पाहिजे. या बंधुसंघाच्या सभासदत्वांत वंशाचा व कुळाचा भेद पाळला जाई. म्हणजे दया करणाऱ्यांच्या पंक्तींत आपल्या देशी बांधवांस सरसकट स्थान नव्हतें. कार्थेजची पेटी ज्या दारांतून बाहेर गेली, तें दार येथें अर्धेंच उघडलें होतें. १७३९ सालीं वसई मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर अशा संस्थांचा राजाश्रयही संपला. उरलें तें गांवांतलें बंधुत्व. कोणाच्या घरीं मयत झालें तर त्या घरची चूल पेटूं नये, शेजाऱ्यांनीं पेज आणावी, तरुणांनीं खड्डा खणावा, ही रीत कोणत्याही राजानें घालून दिलेली नाहीं.

या रीतीची कसोटी पाहणारा काळ १८९६ सालीं आला. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळले. हा प्लेग आहे, हें ओळखणारे डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगश हे गोव्यांतील हडफडें गांवचे कॅथॉलिक गृहस्थ होते. रोगाचें नांव उच्चारणें हेंही त्या वेळीं धैर्याचें काम होतें, कारण त्या नांवानें व्यापार बुडणार होता व लोक घाबरणार होते. लाखों लोक शहर सोडून गेले. पुढें सरकारनें घरोघर झडत्या, सक्तीचें विलगीकरण असे कडक उपाय चालविले आणि लोक रोग्यांना लपवूं लागले. डॉ. व्हिएगश मात्र त्याच गल्ल्यांतून हिंडून स्वच्छतेचा आग्रह धरीत राहिले. १९०६ सालीं ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष निवडले गेले, आणि धोबीतलावावर त्यांचा पुतळा आजही उभा आहे.

त्या वर्षांत मुंबई व साष्टींतील ख्रिस्ती गांवठाणांच्या तोंडाशीं लोकांनीं क्रूस उभारले. वांद्र्याच्या गल्ल्यांतून जातांना त्यांतले कित्येक अजून दृष्टीस पडतात. संध्याकाळीं त्यांच्या पायाशीं जमून भाविकांनीं रोझरी म्हटली, प्लेगच्या रोग्यांचा कैवारी संत रोक याचा धांवा केला. कोणी याला भाबडेपणा म्हणेल; आम्ही म्हणणार नाहीं. ज्या दिवसांत मनुष्य मनुष्याला भीत होता, त्या दिवसांत रोज संध्याकाळीं एकमेकांचीं तोंडें पाहण्यास व कोण आला नाहीं हें विचारण्यास ती एकच जागा होती. मात्र क्रूसापुढें जोडलेले हात आणि रोग्याच्या उशाशीं पाणी नेणारे हात एकच असले, तरच त्या क्रूसाचें देणें फिटतें.

आणि येथें आम्हां ख्रिस्ती लोकांस नम्र करणारी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच साथींत मुंबई येथें प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेणारे डॉ. हाफकिन हे यहुदी होते. पुण्याजवळ मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा करतां करतां, प्लेग झालेल्या एका मुलास आणल्यावर त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले ह्या ख्रिस्ती नव्हत्या. प्रभूनें शेजारी कोण याचा दाखला देतांना शोमरोनी मनुष्याची गोष्ट कां सांगितली, हें अशा वेळीं कळतें. दया ही आमची मिरासदारी नाहीं. ती आमच्यावरील आज्ञा आहे, आणि कित्येकदां ती आमच्याआधीं दुसऱ्यांनींच पाळलेली असते.

साथ येते आणि जाते. कर्ज मात्र घरांत मुक्काम करतें. दुष्काळानें वा आजारानें खचलेला शेतकरी सावकाराच्या दारीं गेला म्हणजे त्याची वाडी हळूहळू त्याच्या हातची जाते. लेवीयाच्या पुस्तकांतील शिंग ज्यासाठीं वाजावयाचें तें हेंच दुःख. त्यावर उपाय म्हणून पतपेढ्या निघाल्या. छोटा नागपुरांतील रांची येथें जर्मन येशूसंघीय धर्मगुरू फादर होफमन यांनीं १९०९ सालीं तेथील आदिवासी बांधवांसाठीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मन म्हणून त्यांना हा देश सोडावा लागला. परंतु संस्था चालत राहिली, कारण ती त्यांची नसून सभासदांची होती. आपल्या वसईंतही मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें १९१८ सालीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. थोडाथोडा भाग-भांडवलाचा पैसा सर्वांनीं घालावा, एकानें दुसऱ्यास जामीन राहावें, आणि गरजेच्या वेळीं माफक व्याजानें कर्ज मिळावें, हा अशा संस्थेचा व्यवहार. संत पौलाच्या पत्रांतील आज तुमची विपुलता, उद्यां त्यांची, हें तत्त्व येथें खतावणींत उतरलें. त्याच १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ येऊन हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे, त्या काळच्या घरांना अशा आधाराची किती निकड होती याची कल्पना येते.

आपल्या हयातींतही एक साथ येऊन गेली. २०२० च्या मार्चमध्यें देवळांचीं दारें बंद झालीं, त्या वर्षींचा पुनरुत्थानाचा सण मंडळीनें घरांतच पाळला, आणि कित्येकांना आपल्या माणसाला खांदाही देतां आला नाहीं. त्या दिवसांत आपणांपैकीं प्रत्येकानें दोन्ही प्रकार पाहिले. शेजारी आजारी असें कळतांच खिडकी लावून घेणारे पाहिले, आणि डबा दाराशीं ठेवून दुरून हांक मारणारेही पाहिले. आपण कोणत्या बाजूस होतों, याचा झाडा आम्ही वाचकांना विचारीत नाहीं. तो ज्यानें त्यानें, आणि प्रथम आम्हीं स्वतः, परमेश्वरापुढें द्यावयाचा आहे.

ज्युबिली झाल्यावर कमानी उतरतील, पताका गुंडाळून ठेवल्या जातील. देवळांत दीनांसाठीं ठेवलेली पेटी मात्र दारापाशीं तशीच राहील. तिच्याकडे पाहून दोन प्रश्न आपण स्वतःस विचारावे, अशी आमची विनंति आहे. पहिला हा कीं, सध्यांच्या सुखाच्या दिवसांत ती दर रविवारीं नेमानें भरते कीं नाहीं? आणि दुसरा हा कीं, तिची किल्ली ज्यांच्या हातीं आहे त्यांना या धर्मग्रामांतील एकटीं, आजारी व कर्जानें पिडलेलीं घरें नांवानिशीं ठाऊक आहेत कीं नाहींत? ख्रिस्ती घरें तर असावींतच, पण त्यांच्या कुंपणापलीकडचींही असावींत. या दोन प्रश्नांना होकार देतां आला, तर पुढचें संकट केव्हांही येवो, तें आपणांस बेसावध गांठणार नाहीं.

भुकेल्याला दिलें तें मला दिलें, असें शेवटच्या दिवशीं सांगणारा आपला प्रभु आपल्या वडीलधाऱ्यांच्या त्या निनांवी सेवेचें फळ त्यांना देवो, आणि ती रीत आपल्या मुलाबाळांच्या हातीं सुखरूप सोंपविण्याची बुद्धि व सामर्थ्य आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.